ड्रायव्हर कुणाकडे?

संगणक दुरुस्तीच्या धंद्यात ज्या दुखण्यावर आमच्यासारख्यांची चूल सर्वांत जास्त पेटली, त्यात काही जळत नाही, तुटत नाही, झिजतही नाही. एक गिऱ्हाईक येऊन सांगतं, "अक्षरं एवढी मोठी झालीत की निम्मी खिडकी स्क्रीनच्या बाहेर जातीय." दुसरं म्हणतं, "खिडकी सरकवली की मागं रेघा राहतायत." तिसरं नुसतंच "डिस्प्ले गेला" म्हणून पेटी काउंटरवर ठेवतं. कॅबिनेट उघडून बघावं तर सगळं जिथल्या तिथं. पंखा फिरतोय, कार्ड गरम होतंय, मॉनिटर दुसऱ्या मशीनला ठणठणीत चालतोय. बिघडलेला असतो ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे विंडोजचे हुकूम त्या ठरावीक चिपला कळतील असे पोचवणारा प्रोग्राम. चिप एका कंपनीची, कार्ड दुसरीचं, विंडोज तिसरीची. मधला हा प्रोग्राम वर्षानुवर्षं कुणी सांभाळायचा, याचा करार गिऱ्हाइकाशी कुणीच केलेला नाही. सांगलीत १९९६ पासून माझं दुकान आहे. एवढ्या काळात ड्रायव्हरचा मुक्काम फ्लॉपीतून सीडीत, सीडीतून वेबसाइटवर आणि तिथून विंडोजच्या पोटात गेला. तो जसा हलला तसा आमचा धंदाही हलत गेला.

सुरुवात आयबीएमपासून करावी लागते. ऑगस्ट १९८१ मध्ये त्यांचा पीसी बाजारात आला, तेव्हा मदरबोर्डवर चित्र दाखवायची सोयच नव्हती. त्यासाठी स्लॉटमध्ये वेगळं कार्ड खोचायचं. एमडीए घेतलं तर अक्षरं सुरेख, पण चित्र काढता येत नाही. सीजीए घेतलं तर ३२० बाय २०० ठिपके आणि चार रंग, पण अक्षरं अशी की दिवसभर वाचून डोकं धरावं. या दोन्हींमधली फट व्हॅन सुवन्नुकुल या थाई तरुणानं हेरली. त्याला आपला पीएचडीचा प्रबंध पीसीवर थाई लिपीत लिहायचा होता आणि या कार्डांवर ते जमत नव्हतं. १९८२ मध्ये त्यानं स्वतःच कार्ड काढलं. ७२० बाय ३४८ ठिपके, अक्षरंही स्वच्छ आणि रेघाही. तेच हर्क्युलिस कार्ड. आयबीएमशिवाय दुसऱ्या कुणाचं कार्डही जगभर चालू शकतं हे त्यानं दाखवून दिलं आणि मैदान सगळ्यांना मोकळं झालं.

मोकळ्या मैदानामुळे कार्डं स्वस्त झाली, पण प्रत्येक प्रोग्रामला प्रत्येक कार्डाची ओळख ठेवणं भाग पडलं. डॉसच्या काळात ही ओळख प्रोग्रामच्याच फ्लॉपीत असायची. लोटस १-२-३ बसवताना तुमचं कार्ड कोणतं म्हणून यादी पुढं यायची. ऑटोकॅडचंही तसंच. यादीत चुकीच्या नावावर बोट पडलं की आकडे दिसायचे आणि आलेख गायब असायचा.

आपल्याकडेही गाडी लिपीपाशीच अडली होती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम पुण्याच्या सीडॅकनं पुढं नेलं. सीडॅकची स्थापना १९८८ ची. त्यांचं जिस्ट कार्ड स्लॉटमध्ये बसवलं की डॉसवरच्या वर्डस्टारमध्ये, डीबेसमध्ये देवनागरी उमटायची. ते प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी देवनागरीचा विचार स्वप्नातही केला नव्हता, तरी कार्ड मध्ये उभं राहून त्यांच्याकडून ती काढून घ्यायचं. पुढं देवनागरी फाँट आणि सॉफ्टवेअरच्या रूपानं आली आणि कार्डाची गरज संपली.

एप्रिल १९८७ मध्ये आयबीएमनं पीएस/२ यंत्रांबरोबर व्हीजीए आणलं. ६४० बाय ४८० ठिपके, सोळा रंग. नंतरच्या कंपन्यांनी वर काय वाटेल ते मजले चढवले, पण तळाला व्हीजीए जसंच्या तसं ठेवलं. मशीन चालू केल्यावर पहिल्यांदा जी अक्षरं येतात, रॅमचा आकडा, हार्ड डिस्कचं नाव, ती कार्ड स्वतःच्या बायोसच्या बळावर दाखवतं. तिथं ड्रायव्हरचा संबंध येत नाही. ड्रायव्हर सूत्रं हाती घेतो तो विंडोजचं चिन्ह आल्यानंतर. जुन्या डेस्कटॉपचं निदान करायचा आमचा पहिला नियम यातूनच आला: चित्र नेमकं कोणत्या क्षणी बिघडतं ते बघायचं.

पहिल्या काळ्या स्क्रीनवरच अक्षरांच्या जागी चौकोन आणि ठिपके दिसत असतील, तर ड्रायव्हर टाकत बसण्यात अर्थ नाही. दुखणं कार्डात आहे. अॅवॉर्ड बायोसचं मशीन एक लांब आणि दोन आखूड बीप देत असेल तर तेही कार्डाकडेच बोट दाखवतंय. कार्ड काढायचं, सोनेरी पट्ट्या शाळेतल्या खोडरबरानं घासायच्या, फुंकर मारून परत घट्ट बसवायचं. निम्म्या वेळा तेवढ्यानं काम होतं. पांढरा रंग निळसर-हिरवा दिसत असेल तर आधी केबल काढून बघायची. व्हीजीएच्या पंधरा पिनांपैकी पहिली लाल रंगाची, दुसरी हिरव्याची, तिसरी निळ्याची. पहिली वाकली की चित्रातला लाल निघून जातो. चिमट्यानं पिन सरळ केली की झालं. आणि विंडोजचं चिन्ह व्यवस्थित येऊन मगच अंधार होत असेल, तर मात्र ड्रायव्हर. एक्सपीमध्ये एफ८ दाबून व्हीजीए मोड निवडला की मशीन १९८७ च्या त्या तळमजल्यावर उतरायचं. सगळं मोठं, ओबडधोबड, पण दिसायचं. तिथं जुना ड्रायव्हर उपटायचा आणि नवा टाकायचा.

विंडोज ३.१ हे १९९२ मध्ये आलं आणि ड्रायव्हरचं महत्त्व एकदम वाढलं. आता प्रत्येक प्रोग्रामनं कार्ड ओळखायची गरज नव्हती. विंडोजला एकदा ओळख करून दिली की सगळ्यांचं भागायचं. मात्र ती ओळख बिघडली की सगळेच आंधळे. कार्डांबरोबर फ्लॉपी येऊ लागली ती याच काळात, आणि मीही याच काळात धंद्यात पडलो.

आमचा माल मुंबईहून यायचा. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, सकाळी मुंबई, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण ते नाव टॅक्सीवाल्यालाही सांगावं लागत नसे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनच्या नावाचा हा रस्ता आधी सिनेमाचा. 'शोले' पाच वर्षांहून जास्त चालला ते मिनर्व्हा इथलं, चित्रपट वितरकांची कार्यालयं असलेलं नाझ इथलंच. रेडिओच्या, मग टीव्हीच्या सुट्या भागांची दुकानं सिनेमाच्या सावलीत वाढली आणि नव्वदीत त्यांच्या काचांमागं मदरबोर्ड दिसायला लागले. भाव सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा. "बिल पाहिजे की विदाउट?" हा पहिला प्रश्न आणि "टेस्टिंग वॉरंटी" हे शेवटचं उत्तर, म्हणजे इथं लावून दाखवला, चालला, आता तुमचा. ट्रायडंट, सिरस लॉजिक, एस३, एसआयएस अशा चिपांची कार्डं पारदर्शक पिशव्यांत रचलेली असायची. बऱ्याच पिशव्यांत फ्लॉपी नसायची. विचारलं तर काउंटरवरचा पोरगा मशीनमधून कॉपी मारून द्यायचा, वर पेन्सिलीनं चिपचा नंबर लिहून. ती फ्लॉपी मी कार्डापेक्षा जपून सांगलीला आणायचो. कार्ड पुन्हा मिळालं असतं.

विंडोज ९५ नं बरेच ड्रायव्हर सोबत आणले, ९८ नं आणखी. तरीही नव्या कार्डाला "न्यू हार्डवेअर फाउंड" म्हणून ते हात पुढं करायचंच. मग १९९९ मध्ये इंटेलचा ८१० चिपसेट आला आणि आमचं गणित पार बदललं. ग्राफिक्स चिपसेटमध्येच, मेमरी मशीनच्या रॅममधून उसनी, आणि वेगळं कार्ड लावायला एजीपी स्लॉटच नाही. मशीन स्वस्त झालं. क्लासवाले, सायबर कॅफेवाले, पतसंस्था, दूध संघ सगळ्यांना परवडायला लागलं. २००१ मध्ये एमकेसीएलनं एमएस-सीआयटी सुरू केली आणि तालुक्याच्या गावांतसुद्धा मशीनच्या रांगा लागल्या. या सगळ्या मशीनचं ग्राफिक्स ऑनबोर्ड आणि त्याचा ड्रायव्हर मदरबोर्डच्या खोक्यातल्या एका सीडीवर. गिऱ्हाईक खोकं माळ्यावर टाकायचं नाहीतर रद्दीत द्यायचं. दोन वर्षांनी व्हायरस लागला की फॉरमॅट मारायला यायचं, तेव्हा सीडीचा पत्ता नसायचा.

म्हणून आमच्यातल्या प्रत्येकाजवळ चेनचं सीडी पाऊच असायचं. प्रत्येक कप्प्यात एक मदरबोर्ड, वर मार्करनं लिहिलेलं: ८१०, ८४५जी, ८६५, व्हीआयए, एसआयएस. 'चिप' आणि नंतर 'डिजिट' मासिकाबरोबर येणाऱ्या सीड्याही त्यातच. दुकानाची खरी पत या पाऊचवर ठरायची. "त्यांच्याकडं सगळे ड्रायव्हर आहेत," असं लोक सांगायचे, डॉक्टरच्या हातगुणाबद्दल सांगतात तसं. २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा मशीन वर उचलून ठेवणाऱ्यांचीसुद्धा खोकी आणि सीड्या खालीच राहिल्या. पाणी ओसरल्यावर बोर्ड धुऊन, वाळवून बरेच चालू झाले. पण त्यांच्या डोळ्यांसाठी औषध होतं ते अशा दोन-चार पाऊचांतच.

सीडी नसेल आणि बोर्डावरचं नावही पुसलं असेल, तर एक्सपीपासून एक चांगला रस्ता मिळाला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह लागलेली ओळ उघडायची, डिटेल्समध्ये जायचं. तिथं आकडे-अक्षरांची लांबलचक ओळ दिसते, लोक तिला भितात. त्यातले दोनच तुकडे वाचायचे. 'व्हीईएन'च्या पुढची चार चिन्हं म्हणजे चिप बनवणारी कंपनी, 'डीईव्ही'च्या पुढची चार म्हणजे चिप कोणती ते. १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एटीआय, १०३९ असेल तर एसआयएस. इंटेलनं स्वतःसाठी ८०८६ हा आकडा घेतला, आपल्या १९७८ च्या प्रोसेसरचा. त्यापुढं २५७२ दिसलं की बोर्ड ८६५जी, २७७२ दिसलं की ९४५जी. खोक्यावर काहीही छापलेलं असो, स्टिकर कुणाचंही असो, चिप आपलं खरं नाव इथं सांगतेच. माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला मी पहिल्या आठवड्यात ही ओळ वाचायला बसवलं.

एवढं करूनही जुनी मशीन टिकवायची कशाला, असा प्रश्न नवी पिढी विचारते. उत्तर आमच्या गिऱ्हाइकांत होतं. एका लग्नपत्रिका छापणाऱ्यांचं २००३-०४ च्या सुमाराचं मशीन होतं. त्यांचं मराठी फाँटचं सॉफ्टवेअर पंचवीस पिनांच्या प्रिंटर पोर्टला लावायच्या लॉकवर चालायचं. नव्या मशीनला तो पोर्टच नाही, आणि वीस वर्षांच्या पत्रिका, देवक, मुहूर्त, ओव्या त्याच फाँटमध्ये. त्यांचा जुना काचेचा मॉनिटर गेला, त्यांनी रुंद एलसीडी आणला आणि दुसऱ्या दिवशी फोन. "अवो, बाप्पा जाड झाले की. जाड असतातच, पण एवढे?" जुन्या ड्रायव्हरला चारास तीन मापाच्या मॉनिटरपलीकडचं जग ठाऊक नव्हतं. १०२४ बाय ७६८ चं चित्र सोळास नऊच्या काचेवर ताणलं की आडवं एक तृतीयांश फुगतं. सोंड रुंद, मोदक सपाट. चिपच्या कंपनीचा शेवटचा ड्रायव्हर शोधून टाकला, तरी यादीत नवं माप आलं नाही. शेवटी मॉनिटरच्याच मेनूत जाऊन माप ४:३ केलं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले, बाप्पा मूळ रूपात आले. "पट्ट्यांचं काय?" म्हणाले. मी म्हटलं, "काका, पट्टे छापले जात नाहीत."

जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा आलं. मायक्रोसॉफ्टनं ग्राफिक्स ड्रायव्हरची रचनाच नव्यानं ठरवली, डब्ल्यूडीडीएम नावाची. हेतू चांगला होता. कार्ड दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ अडकलं तर सगळं मशीन गोठण्याऐवजी विंडोजनं ड्रायव्हर पुन्हा सुरू करावा, अशी सोय त्यात होती. "डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पॉन्डिंग अँड हॅज रिकव्हर्ड" हा संदेश तिथून घराघरांत पोचला. पण या रचनेसाठी सगळ्यांना ड्रायव्हर नव्यानं लिहावे लागले, आणि ते घाईत लिहिले गेले. अमेरिकेत व्हिस्टाच्या जाहिरातीवरून खटला उभा राहिला, त्यात २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचं अंतर्गत टपाल उघड झालं. नोंदवल्या गेलेल्या क्रॅशपैकी २८.८ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे, १७.९ टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टमुळे, ९.३ टक्के एटीआयमुळे आणि ८.८ टक्के इंटेलमुळे. खटला ज्या चिपवरून गाजला ती इंटेलची ९१५. तिला नव्या रचनेचा ड्रायव्हर कधी मिळालाच नाही. तरी त्या मशीनवर 'व्हिस्टा कॅपेबल' स्टिकर लागावं म्हणून अट सैल करण्यात आली होती. लोकांनी स्टिकर बघून मशीन घेतलं आणि व्हिस्टाचं चकचकीत रूप त्यांना दिसलंच नाही.

तोवर जुनं मशीन म्हणजे मंद मशीन, एवढाच अर्थ होता. व्हिस्टापासून चालू स्थितीतली चिप एका तारखेनंतर निकामी ठरू लागली. एनव्हिडियाच्या २००६ च्या जीफोर्स ८ मालिकेला २०१६ पर्यंत ड्रायव्हर मिळाले, म्हणजे दहा वर्षं. एएमडीनं रेडिऑन एचडी ५००० आणि ६००० या मालिका नोव्हेंबर २०१५ मध्येच बाजूला काढल्या. २०११ च्या इंटेल प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला विंडोज १० साठी इंटेलनं स्वतःचा ड्रायव्हर काढला नाही, मायक्रोसॉफ्टच्या अपडेटमधून येईल त्यावर भागवायचं. विंडोज १० मध्ये तर ड्रायव्हर आपोआप यायला लागला. चांगला चाललेला जुना काढून विंडोज रात्रीत नवा बसवतं, आणि सकाळी पतसंस्थेतून फोन येतो. मग डिव्हाइस मॅनेजरमधून 'रोल बॅक' करायचं आणि अपडेटला ड्रायव्हर आणायची बंदी घालायची. एफ८ सुद्धा आता सरळ चालत नाही. शिफ्ट धरून रिस्टार्ट करावं लागतं, आणि स्क्रीनच काळी असेल तर तेही अंदाजानं.

वेबसाइटवर सगळं कायमचं मिळतं या भरवशावर आम्ही पाऊचं टाकून दिली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंटेलनं आपल्या जुन्या डेस्कटॉप बोर्डांचे ड्रायव्हर आणि बायोस संकेतस्थळावरून काढायला घेतले, तेव्हा तो भरवसा किती पोकळ होता ते कळलं. हौशी लोकांनी आधीच प्रती करून ठेवल्या होत्या म्हणून निभावलं.

याच्या उलट चित्र लिनक्समध्ये दिसतं. तिथं इंटेलचा ड्रायव्हर उघडा आहे, कुणीही वाचावा, दुरुस्त करावा. व्हिस्टानं ज्या ९१५ ला दाराबाहेर ठेवलं, तिचंच नाव त्या ड्रायव्हरला आजही आहे, आणि ती चिप त्यावर अजून चालते. तिथंही सगळं अमर नाही. २०२३ मध्ये ८१० आणि तिच्या वयाच्या आणखी काही चिपांचे ड्रायव्हर काढून टाकले गेले. पण १९९९ च्या चिपला २०२३ पर्यंत कुणीतरी वाली होता, आणि काढलेला मजकूरही ज्याला हवा त्याला मिळतो. त्याचं कारण एवढंच, की तो एका कंपनीच्या कपाटात बंद नव्हता.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला. आता दुकानात रोज चालू मशीन येतात, भंगारात घालायला. त्याआधी, २४ डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. सुटे भाग मिळावेत, मॅन्युअल मिळावीत, कंपनीच्या दाराशीच जावं लागू नये, हे सगळं योग्यच आहे. पण त्या चर्चेत स्क्रू, बॅटरी आणि काच येते, ड्रायव्हर येत नाही. आमच्या काउंटरवर आलेल्या असंख्य पेट्यांत सुट्या भागाला काही झालेलंच नव्हतं. नव्हता तो एक प्रोग्राम, जो बनवून झालेला होता, ज्याचे पैसे कार्डाच्या किमतीत दिले गेले होते आणि जो ठेवायला फार तर काही शे एमबी जागा लागली असती. ट्रॅक्टरचा गिअर जसा सुटा भाग, तसा ड्रायव्हरही सुटा भाग धरावा. कंपनीनं नवा लिहू नये वाटलं तर लिहू नये, पण शेवटचा चालणारा ड्रायव्हर सगळ्यांना मिळेल असा कायम ठेवणं तिच्यावर बंधनकारक करावं, आणि ते जमत नसेल तर त्याचा मजकूर उघडा करावा. कायद्याची वाट न बघता मी एक नियम दुकानात लावलाय. विकलेल्या प्रत्येक मशीनचा ड्रायव्हर गिऱ्हाइकाच्याच डी ड्राइव्हवर फोल्डर करून ठेवतो आणि बिलावर त्याचं नाव लिहून देतो. फॉरमॅट मारणाऱ्याला बजावून सांगतो: सी पुसा, डी ला हात लावू नका.